बाही

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं, परळ.
एसी हवा त्याहून गार, म्हणून आधी
जेलची बाटली काखेत धरून बसते, अंडं उबवावं तशी.
सोळा वर्षांत यंत्रं चार बदलली,
जेल गरम करायची सोय मात्र अजून माझी काखच.

जुईली वैती, नऊ महिने, ट्रॉम्बे कोळीवाडा.
किंचाळते, पाय पोटाशी घेते, मग एकदम गप्प;
भिंतीकडे बघत राहते
पेन्शनच्या रांगेतल्या माणसासारखी.
पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच.
बेंबीवर हिंगाचा लेप, सुकून भेगाळलेला.
मी पुसत नाही, त्याच्यावरच जेल ओतते.
पडद्यावर हिंग दिसत नाही,
पण खोलीभर फोडणीचा वास येतो, आणि मला आठवतं
आपण जेवलेलो नाही.

“आगळासारखा झाला गो बाय, कोकमाच्या,”
आई लंगोट उलगडून दाखवते.
पुस्तकात ह्या रंगाला एका फळाचं नाव दिलंय,
ते फळ परळच्या कुठल्या गाडीवर मी बघितलं नाही.
आगळ. आता कळलं.

प्रोब टेकवते. हलकेच, मग थोडा दाबून,
वायू बाजूला सारत.
यकृताच्या खाली, उजवीकडे,
कांद्याची चकती:
कड्यात कडं, त्यात कडं.
आतड्यात आतडं शिरलंय.

हे आईला कसं सांगायचं?
एप्रन काढते घाईघाईत, जसा रोज काढते,
बाही आतल्या आत ओढली जाते.
“हे बघा. असं.”
सुगंधाबाई बाहीत हात घालून चाचपतात.
“मंग झटकून काढा की भायेर.”

तेच करायचंय. पाण्यानं.
रंग चालू करते: लाल, निळे ठिपके लुकलुकतात,
रक्त अजून पोचतंय.
सर्जनना उठवून ठेवलंय.
इरफाना सलाईनची बाटली स्टँडवर चढवते,
टेबलापासून तीन फूट, पट्टीनं मोजून.
नळी मागच्या वाटेनं. पाणी चढू लागतं.

पडद्यावर काळं पाणी, त्यात पांढरी टोपी,
सरकते, थांबते,
थांबते.

(गेल्या गुरुवारी मानखुर्दचं एक परतलं नव्हतं.
त्याला थेट वर नेलं, ऑपरेशनला.)

सुगंधाबाईंना पडदा बघवत नाही,
त्या भिंतीवरची पाटी वाचतात, एकेक अक्षर जोडत:
ये-थे ग-र्भ-लिं-ग नि-दा-न
के-ले जा-त ना-ही.
पाटीखाली जुईली उताणी,
तिचे पाय इरफानाच्या हातात.
“हिच्या येळेला सांगत होते, पनवेलला एक जन...”
बाई तिथेच थांबतात.
मी काही ऐकलं नाही.
माझे डोळे टोपीवर आहेत.

“बाटली अजून वर?” “नको. धर तशीच.”

आणि मग जे होतं त्याला आवाज नसतो:
टोपी कडेशी टेकते, डुगडुगते, नाहीशी होते,
आणि पलीकडे पाणी उसळून शिरतं
लहान आतड्यात, वळणावळणानं,
भरतीचं पाणी खाडीच्या फाट्यांत शिरावं तसं.
कांदा कुठेच नाही. दोनदा शोधते.
तिसऱ्यांदाही.

जुईली माझ्या कोपरावर मुतते
आणि झोपते.

रिपोर्ट तीन ओळींचा. उद्याचा दिवस इथेच ठेवायचं,
पुन्हा शिरतं कधीकधी, आणि कधी ते सांगता येत नाही.
टिश्यूनं पोट पुसताना जेलबरोबर हिंगही निघून येतो.
“घरी गेल्यावर परत लावू का?”
लावा, म्हटलं. हिंगानं काही बिघडत नाही.
पण पाय पुन्हा पोटाशी घेतले तिनं,
तर लेप सुकायची वाट बघू नका.